मुलांच्या वाळूला शुद्धी नको, स्वच्छता हवी!

आमच्या वस्तीतील बुद्ध विहाराच्या आवारात बालवाडी भरते. बारा वर्षांपूर्वी वस्तीतल्याच गवंडीकाम करणाऱ्या तरुणांनी श्रमदानातून तेथे मुलांसाठी वाळूचा हौद बांधला. आठ फूट लांब, आठ फूट रुंद. वस्तीतल्या पन्नासेक मुलांचे बालपण त्या हौदात गेले. कोणी खोपा केला, कोणी विहीर खणली, कोणी काडीने वाळूत आपले पहिले अक्षर काढले.

गेल्या पावसाळ्यानंतर तीन मुलांच्या पायांना खाज सुटली आणि कातडीखाली लाल, नागमोडी रेषा उठल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहताक्षणी विचारले, "कुत्री-मांजरे घाण करतात तिथे मुले अनवाणी खेळतात काय?" आया घाबरल्या. विहार समितीची तातडीची बैठक झाली. त्या बैठकीत तीन सूचना आल्या. पहिली, हौद बुजवून वर पेव्हर ब्लॉक बसवा, जयंतीला खुर्च्या मांडायला जागा होईल. दुसरी, आठवड्यातून एकदा फिनेल मारा. तिसरी, पलीकडच्या गल्लीतल्या सफाई कामगार भगिनीला महिन्याला पाचशे रुपये द्या, ती घाण उचलत जाईल.

तिन्ही सूचना प्रामाणिक होत्या. तरीही तिन्ही चुकीच्या आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. विषय एका वस्तीतल्या वाळूचा वाटला तरी त्यात आपल्या चळवळीचाच प्रश्न दडलेला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हौद बुजवण्याच्या सूचनेबद्दल. वाळूत खेळणे ही श्रीमंतांच्या मुलांची चैन आहे असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. इतिहास उलटे सांगतो. अमेरिकेतील बोस्टन शहरात १८८५ साली मुलांना खेळण्यासाठी पहिले वाळूचे ढीग टाकले गेले, ते परदेशातून पोटासाठी आलेल्या गरीब मजुरांच्या दाटीवाटीच्या वस्तीत. डॉ. मारी झाक्रझेव्हस्का या महिला डॉक्टरने बर्लिनच्या बागांत अशी वाळू पाहिली होती आणि तिच्या सांगण्यावरून हे काम उभे राहिले. ज्या संस्थेने ते केले तिच्या नावातच आरोग्याचा उल्लेख होता. म्हणजे वाळूचा खेळ आणि सार्वजनिक आरोग्य हे एकाच विचारातून जन्मले. गरिबाच्या मुलाला रस्त्यावरच्या घाणीतून बाहेर काढून खेळायला चांगली जागा द्यावी, हा तो विचार होता.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. बालवाडीत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली पाहिजे, हा ताराबाईंचा विचार. आज देशभर वापरला जाणारा 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच आला. माती, वाळू, पाने, शंख-शिंपले, म्हणजे गरिबाच्या दारात फुकट मिळणाऱ्या वस्तू हेच शिक्षणाचे साहित्य, असे त्यांनी दाखवून दिले. वाळू हाताळणाऱ्या मुलाची बोटे लेखणी धरायला तयार होतात. भरलेला डबा आणि रिकामा डबा यातून त्याला मोजमाप कळते. एकच घमेले दोघांना हवे असते, तेव्हा वाटून घेणे कळते.

आणि वाळू आपल्याला परकी कधी होती? आपल्या आया-बहिणींनी आयुष्यभर डोक्यावरून वाळूची घमेली वाहिली. त्यांची मुले बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाऱ्यावर झोपली, तिथेच सिमेंटच्या धुळीत, खिळ्यांत आणि काचांत खेळली. शहरातल्या टॉवरच्या आवारात मात्र कुंपण घातलेला, झाकलेला, चाळलेल्या वाळूचा हौद असतो. तो टॉवर बांधणाऱ्या बाईच्या लेकराला तिथे प्रवेश नाही. अशा वेळी आपल्याच वस्तीत, आपल्याच हातांनी बांधलेला हौद आपण पेव्हर ब्लॉकखाली गाडायचा? डोके दुखते म्हणून डोकेच कापून टाकण्यासारखे हे आहे. घाण हा दोष मुलांच्या खेळाचा नाही, आपल्या व्यवस्थेचा आहे. दोषी मोकळा सोडून फिर्यादीलाच शिक्षा देणारा न्याय आपण पुरेसा भोगला आहे.

धोका मात्र खरा आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. मांजराला भुसभुशीत कोरडी वाळू दिसली की ती तिथेच विष्ठा करते आणि झाकून टाकते. कुत्रीही तिथेच बसतात. त्यांच्या विष्ठेतून जंतांची अंडी वाळूत मिसळतात. कुत्र्याच्या अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात आणि त्या नागमोडी रेषा उठतात. टॉक्सोकारा नावाच्या जंताची अंडी हाताबरोबर तोंडात गेली, तर त्याच्या अळ्या यकृत, फुप्फुसे आणि क्वचित डोळ्यापर्यंत जातात. एका डोळ्याची दृष्टी गेल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा पसरतो, तो गरोदर स्त्रीच्या पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो. जिथे माणसेच उघड्यावर बसतात, तिथे माणसाच्या अंकुशकृमीची भर पडते. हा जंत आतड्यात राहून रक्त पितो. आधीच अर्धपोटी असलेल्या आपल्या लेकराचे रक्त त्याला परवडणारे नाही.

परंतु याच शास्त्राने एक दिलासाही दिला आहे. टॉक्सोकाराची अंडी विष्ठेतून बाहेर पडताक्षणी रोग देत नाहीत. ती रोगकारक व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. अंकुशकृमीच्या अळ्यांना पाच ते दहा दिवस लागतात, टॉक्सोप्लाझ्माला एक ते पाच दिवस. म्हणजे रोजची घाण रोज उचलली, तर रोग मुलापर्यंत पोचण्याआधीच हौदाबाहेर जातो. पण ती राहून गेली, तर टॉक्सोकाराची अंडी ओलसर सावलीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. सारा खेळ 'रोज' या एका शब्दाचा आहे.

आता फिनेलची सूचना. महाडच्या चवदार तळ्याची आठवण येथे टाळता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्या तळ्यावर गुरेढोरे, कुत्री-मांजरे पाणी पीत होती, त्याने ते बाटत नव्हते. आपल्या स्पर्शाने मात्र ते बाटले. मग सनातन्यांनी काय केले? तळ्यातून १०८ घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले आणि मंत्र म्हणून ते पुन्हा तळ्यात ओतले. स्वच्छ पाण्यात शेण-मूत कालवून तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले! शुद्धी आणि स्वच्छता यांतला फरक याहून स्पष्ट कोणी दाखवला नसेल. शुद्धी माणसाची जात पाहते. स्वच्छता रोगाचे कारण शोधते. शुद्धीला विधी लागतो, स्वच्छतेला पुरावा लागतो. तळ्यावरचा आपला हक्क शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी मान्य केला, तोही पुरावा तपासूनच.

आपण शुद्धी नाकारलेले लोक आहोत. पण फिनेलच्या बाटलीतून तीच मागच्या दाराने परत येत नाही ना, हे तपासले पाहिजे. फिनेल शिंपडले की वास येतो, वास आला की मनाला समाधान वाटते. टॉक्सोकाराच्या अंड्यांचे कवच इतके टणक असते की ब्लीचिंगच्या पाण्यानेही ती मरत नाहीत. उलट ते रसायन वाळूत राहते आणि मुलांच्या हातातोंडाशी जाते. वास बदलला म्हणजे वाळू स्वच्छ झाली असे मानणे आणि गोमूत्र शिंपडून तळे शुद्ध झाले असे मानणे, यात विचार म्हणून काय फरक आहे? ज्या बाबासाहेबांनी आपल्याला कारण विचारायला शिकवले, त्यांच्या अनुयायांनी फिनेललाही कारण विचारले पाहिजे.

मग करायचे काय? तज्ज्ञांशी बोलून आणि आमच्या गवंडी बांधवांच्या अनुभवातून जे ठरवले, ते इतर वस्त्यांच्या उपयोगासाठी देतो.

हौद अर्धवेळ ऊन लागेल अशा जागी असावा. तळाशी खडीचा थर, त्यावर शेडनेट किंवा नायलॉनची जाळी आणि वर दीड फूट वाळू. पाणी तळातून झिरपून गेले पाहिजे, कारण ओल ही जंतांची मैत्रीण आहे. कडेला फूटभर उंच कट्टा असावा, म्हणजे गटाराचे पाणी आत येणार नाही. आठ बाय आठच्या हौदाला दीड फुटासाठी सुमारे ९६ घनफूट, म्हणजे जवळपास एक ब्रास वाळू लागते. वाळू नदीची, धुतलेली आणि चाळलेली घ्या. क्रशरची बारीक भुकटी नको, ती मुलांच्या फुप्फुसात जाते. खाणीत आणि क्रशरवर काम करून छाती भरलेली माणसे आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत, त्यांना विचारा. आणि वाळू पावतीची घ्या. चोरट्या वाळूवर मुलांचा हौद भरणे आपल्याला शोभणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झाकण. बालवाडी सुटली की बारीक छिद्रांची जाळी लाकडी चौकटीवर ताणून हौदावर बसवायची. पावसात वरून ताडपत्री टाकायची आणि पाऊस उघडला की ताडपत्री काढून वाळूला वारा द्यायचा. सतत ताडपत्रीखाली घुसमटलेली वाळू कुजते. रोज सकाळी मुले येण्याआधी झाकण उघडून हौद पाहायचा. विष्ठा दिसली तर भोवतालच्या ओंजळभर वाळूसह फावड्याने उचलून खोल खड्ड्यात पुरायची. मग दाताळे फिरवून काच, खिळे, गुटख्याच्या पुड्या, बिड्यांची थोटके वेचायची. आठवड्यातून एकदा वाळू खालवर करून ऊन द्यायचे, महिन्यातून एकदा गवंड्याच्या चाळणीने चाळायची. पावसाळा संपला की जुनी वाळू बदलायची.

हौदात खाणे न्यायचे नाही. जुलाब लागलेल्या मुलाने बरे होईपर्यंत आत जायचे नाही. बाहेर पडले की हात साबणाने धुवायचे, मगच खिचडी. नखे दर आठवड्याला कापायची. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ती चुकवू नका. पण ध्यानात ठेवा, गोळी पोटातले जंत मारते, वाळूतली अंडी मारत नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. रात्री हौदाच्या कट्ट्यावर बसून बाटल्या फोडणारी माणसे आपल्याच घरातली आहेत. पंचशीलातले पाचवे शील सकाळी विहारात म्हणायचे आणि रात्री त्याच्या काचा मुलांच्या वाळूत टाकायच्या, हे चालणार नाही.

आता उरला तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न. ही घाण उचलायची कोणी?

बैठकीत मी म्हणालो, "आपणच पाळी लावून घेऊ." एक ज्येष्ठ उपासक उठले. त्यांचे वय ऐंशीच्या घरात, लहानपणी वडिलांबरोबर येसकरकी केलेले. ते म्हणाले, "वकीलसाहेब, मेलेली ढोरं ओढणं आणि गाव झाडणं बाबासाहेबांनी सोडायला लावलं. आम्ही उपाशी राहिलो पण सोडलं. आता तुम्ही पुन्हा हातात घाण देता?" सभा गप्प झाली. खरे सांगतो, क्षणभर मीही गप्प झालो. माझ्या वडिलांनी मला घरातल्या केरसुणीलाही हात लावू दिला नव्हता. ते म्हणत, तुझ्या हातात फक्त पुस्तक दिसले पाहिजे. त्या हाताने कुत्र्याची घाण उचलायची, ही कल्पना मलाही आतून टोचली होती.

या बाबांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे पिढ्यांची जखम आहे. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या विचारातच शोधले पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला काय सोडायला सांगितले? जन्मामुळे लादलेले, दुसऱ्याच्या दारचे, नाकारण्याचा अधिकार नसलेले काम. ती वेठ होती. राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली, १९५८ च्या कायद्याने महारवतनासह कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. आपल्या लेकरांची जागा आपण स्वच्छ ठेवणे ही वेठ नव्हे. त्याच बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत हजारो भगिनींना स्वच्छ राहण्याचा आणि मुलांना शिक्षण देण्याचा उपदेश एकाच भाषणात केला होता. गुलामीचे काम सोडणे आणि स्वच्छता धरणे यात त्यांना विरोध दिसला नाही.

आणि आपण ती घाण पलीकडच्या गल्लीतल्या भगिनीकडे सोपवली तर काय होईल? ती पगारावर नगरपालिकेची सफाई करते, तो तिचा रोजगार आहे, त्याबद्दल तिला आदरच हवा. पण आपल्या समितीला तिचेच नाव का सुचले? वस्तीत बेकार तरुण वीस आहेत, त्यांच्यापैकी एकाचेही नाव का सुचले नाही? कारण तिची जात आपल्याला ठाऊक आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. आपल्या डोक्यावरची पाटी उतरवून ती आपल्याहून एक पायरी खाली मानल्या गेलेल्या डोक्यावर ठेवणे म्हणजे मुक्ती नव्हे. ती तर मनूची पायरी शाबूत ठेवण्यासारखे झाले. जे काम सर्वांच्या पाळीने येते, त्याला जात चिकटत नाही. जे काम एकाच घराच्या गळ्यात पडते, त्याला जात चिकटल्यावाचून राहत नाही.

तथागतांचा आदर्श आपल्यापुढे आहे. अतिसाराने आजारी पडून आपल्याच विष्ठेत लोळणाऱ्या भिक्खूला पाहून त्यांनी सेवक बोलावला नाही. आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले. मग संघाला बजावले की तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली पाहिजे. गाडगेबाबांनीही गावात शिरताच आधी स्वतः खराटा हाती घेतला, कीर्तन नंतर. दोघांनीही घाणीचे काम दुसऱ्याच्या जातीवर ढकलले नाही.

याचा अर्थ सरकारने हात झटकावेत असा नाही. श्रमदानाच्या नावाखाली शासनाची जबाबदारी आपल्या अंगावर घेण्याची चूक अनेक वस्त्यांनी केली आहे. झाकण लावणे आपले काम, पण कुंपण, नळ, गटार आणि इमारत हे शासनाचे काम आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम ४५ नुसार सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचे संगोपन आणि शिक्षण ही राज्याची दिशा ठरली आहे. कलम ४७ सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी राज्यावर टाकते. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे कलम ३१ मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करते. १३ डिसेंबर २००६ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसह सार्वजनिक ठिकाणांच्या आवारात भटकी कुत्री शिरू नयेत म्हणून कुंपणाची व्यवस्था करण्याचे आदेश दिले. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातून १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचा असतो. तो कुठे होतो, हे ग्रामसभेत विचारा. तोंडी नको, लेखी विचारा आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच.

आमच्या बैठकीत शेवटी पाळी ठरली. आठवड्याला दोन घरे. समितीचे अध्यक्ष, शिक्षक, रिक्षावाले, बँकेतले अधिकारी, कोणालाही सूट नाही. पुरुषांची पाळी पुरुषानेच करायची, बायकोला पाठवायचे नाही, ही अट महिला मंडळाने घालून घेतली आणि ती योग्यच आहे. पहिली पाळी मी मागून घेतली. सकाळी सहाला हातमोजे घालून, फावडे घेऊन हौदाकडे गेलो तेव्हा ते ज्येष्ठ बाबा काठी टेकत आधीच कट्ट्यावर येऊन बसले होते. काही बोलले नाहीत. मी घाण उचलून पुरली, दाताळे फिरवले. साबणाने हात धुवायला नळाशी गेलो तेव्हा त्यांनी तांब्या उचलून माझ्या हातावर पाणी घातले. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात माझ्या घराची पाळी आहे. नातवाला पाठवतो. एम.ए. झालाय. करू दे त्यालाही."

बंधू-भगिनींनो, १४ एप्रिलला आपण डीजेवर एका रात्रीत किती खर्च करतो, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने आपापल्या मनाशी करावा. त्यातला थोडा भाग बाजूला काढला तर एक ब्रास वाळू, एक जाळी, एक दाताळे आणि वर्षभराचा साबण सहज येतो. प्रत्येक विहारात बालवाडी असावी, प्रत्येक बालवाडीत वाळूचा हौद असावा, त्यावर रोज झाकण असावे आणि ते उघडणारा हात दररोज वेगळ्या घरचा असावा. चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क मिळवला. आपल्या मुलांचा खेळण्याचा हक्क आपल्याच दारात फिनेलखाली आणि पेव्हर ब्लॉकखाली गाडला जाऊ नये, एवढीच विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!